अडखळणारी पवनचक्की

'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'पोकेमॉन व्हायोलेट' हे जोडगेम 18 नोव्हेंबर 2022 रोजी जगभर एकाच दिवशी विक्रीला आले आणि पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या एक कोटी प्रती खपल्या. निन्टेंडोच्या यंत्रांवर तोवर कुठल्याच गेमची सुरुवात एवढी दणक्यात झाली नव्हती. त्याच तीन दिवसांत लोकांच्या मोबाइलवर मात्र या गेमांतली वेगळीच दृश्यं फिरत होती. हिरव्या माळावर लांब एक पवनचक्की आहे. तिचं पातं एका जागी थबकतं, टुणकन पुढच्या जागी जातं, पुन्हा थबकतं. वर्गात शिक्षक शिकवताहेत. पुढच्या बाकांवरची मुलं नीट मान हलवताहेत आणि मागच्या बाकांवरची झटके खात हलताहेत. उतारावर लढाई सुरू असताना कॅमेरा घसरून जमिनीखाली जातो आणि अख्खा डोंगर आतून पोकळ दिसतो.

नागपुरात ही दृश्यं पाहणाऱ्यांत मीही होतो. 'गेम अटकून राहिला ना बे' हे वाक्य या शहरातल्या पोरांनी सायबर कॅफेतल्या जुन्या संगणकांसमोर बसून हजारदा म्हटलेलं आहे. पण तेव्हा दोष संगणकाचा असायचा. या वेळी यंत्र अस्सल होतं, गेमचं कार्ड अस्सल होतं, पैसेही पूर्ण मोजलेले होते, आणि तरीही गेम अटकत होता. त्यामुळे चाहते चिडले. त्या चिडण्याकडे पोरकटपणा म्हणून बघणारे पुष्कळ आहेत. मला ते चिडणं रास्त वाटतं, आणि का ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी हे चाहते कोण, ते सांगायला हवं. 2003 च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून लागू लागलं, तेव्हा जी मुलं तिसरी-चौथीत होती ती आज तिशीत आहेत. धरमपेठेत, मनीषनगरात, त्रिमूर्तीनगरात, कॉटन मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत ती वाढली. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसायचं, चिप्सच्या पाकिटातले टॅझो जमवायचे, दोनदोन आलेले टॅझो मधल्या सुट्टीत बदलायचे, हा त्यांचा पोकेमॉन. मूळ गेम त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, कारण गेमबॉय नावाचं यंत्र इथल्या मध्यमवर्गीय घरात नव्हतंच. पुढे केव्हा तरी कुणाच्या तरी दादाने पेन ड्राइव्हवर एम्युलेटर, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्राम, आणला आणि 'फायररेड' हा पोकेमॉनचा गेम संगणकाच्या पडद्यावर उघडला. प्रती अनधिकृत होत्या हे खरं, पण दुसरा रस्ताही नव्हता. निन्टेंडोचं भारतात आजही अधिकृत दुकान नाही, भारतासाठी वेगळं ऑनलाइन विक्रीचं पान नाही. ज्याला स्विच हे निन्टेंडोचं गेमयंत्र हवं तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा हिरा पन्नातून आलेला माल घेतो, सीताबर्डीतल्या ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवतो, नाहीतर अमेरिकेहून येणाऱ्या आतेभावाच्या बॅगेवर डोळा ठेवतो. यंत्राला पंचवीस-तीस हजार, एका गेमला चार-पाच हजार, आणि बिघडलं तर वॉरंटी कुणाकडे मागायची याचा पत्ता नाही. मुख्य मालिकेतल्या एकाही गेममध्ये ना हिंदी आहे ना मराठी. एवढं सगळं ओलांडून जो माणूस तो गेम घेतो, त्याने पवनचक्कीच्या पात्यांकडे बोट दाखवलं तर त्याला हौशी किरकिऱ्या म्हणता येत नाही.

आता ती पवनचक्की. पडद्यावरचं हलतं चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. सेकंदाला तीस चित्रं सलग आली की डोळ्याला हालचाल पटते. त्यातलं प्रत्येक चित्र यंत्राला त्या क्षणी नव्याने रंगवावं लागतं: गवत, पाणी, सावल्या, चालणारी माणसं, झाडामागे दडलेले प्राणी. काम वाढलं की चित्रं वेळेवर तयार होत नाहीत आणि खेळणाऱ्याला धक्के जाणवतात. म्हणून सगळेच गेम बनवणारे एक युक्ती करतात. लांबच्या वस्तूंची हालचाल कमी वेळा बदलायची, म्हणजे जवळच्या गोष्टींसाठी ताकद उरते. युक्ती चांगली आहे, पण ती दिसता कामा नये. लांबचं म्हणजे किती लांबचं, कमी वेळा म्हणजे किती कमी, हे कुणीतरी बसून, खेळून, पुन्हा पुन्हा बदलून ठरवायचं असतं. 'स्कार्लेट'मध्ये मागच्या बाकावरचा मुलगा 'लांबचा' ठरला. वर्ग एवढासा, तरीही. म्हणजे युक्ती लावली, पण तिच्यावरून शेवटचा हात फिरला नाही. कॅसेरोया नावाच्या तळ्याकाठी गेलं की सगळा गेमच जड व्हायचा, आणि ते तळं टाळून पुढे जाणं शक्य नव्हतं.

यंत्र जुनं होतं, ते तरी काय करणार, असा बचाव लगेच झाला. स्विच 2017 चा, त्याची ताकद मर्यादित, हे खरंच आहे. पण त्याच स्विचवर 2017 मध्येच 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला होता, आणि 'स्कार्लेट'च्या चारच महिने आधी, जुलै 2022 मध्ये, 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स 3' आला होता. दोन्हींत मैलोन्‌मैल मोकळी जमीन आहे. घर तेच, चूल तीच, आणि एका गृहिणीच्या हातून पुरण नीट शिजतं तर दुसरीच्या हातून कच्चं का राहतं, हा प्रश्न चाहत्यांनी विचारला आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. समीक्षकांच्या सरासरीतही हे दोन गेम सत्तरीच्या आसपास घुटमळले. मुख्य मालिकेच्या मानाने हे गुण फार कमी होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला निन्टेंडोने पहिली दुरुस्ती पाठवली. सोबतच्या निवेदनात गैरसोयीबद्दल क्षमा मागितली होती आणि खेळाडूंच्या प्रतिक्रिया आम्ही गांभीर्याने घेतो असंही म्हटलं होतं. निन्टेंडो एरवी इतकी उघड दिलगिरी व्यक्त करत नाही. दुरुस्तीने काही गोष्टी सुधारल्या. तळं जडच राहिलं.

हे सगळं 2022 मध्ये अचानक सुरू झालं नव्हतं. जून 2019 मध्ये 'स्वोर्ड' आणि 'शील्ड' या गेमांची ओळख करून देताना मालिकेचे निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केलं की जुन्या गेमांतले सगळे पोकेमॉन या नव्या गेमात आणता येणार नाहीत. या मालिकेचं गाजलेलं इंग्रजी घोषवाक्य तर 'सगळे पकडा' हेच होतं. 2003 पासून एका गेमातला प्राणी पुढच्या गेमात, तिथून त्याच्या पुढच्यात, असा यंत्र बदलत बदलत नेणारे खेळाडू होते. 'रूबी'मध्ये पकडलेला एखादा प्राणी सोळा वर्षं सोबत आलेला. आता तो दारातच थांबणार होता. कंपनीचं म्हणणं असं की आकडा आठशेच्या वर गेलाय, प्रत्येकाचं शिल्प नव्याने घडवायचं, हालचाली करायच्या, लढाईतला तोल सांभाळायचा, हे आवाक्याबाहेर चाललंय. म्हणणं चुकीचं नव्हतं. अडचण पुढे झाली. गेम हातात आल्यावर लोकांनी जुनी शिल्पं आणि नवी शिल्पं शेजारी ठेवून पाहिली आणि त्यांना फारसा फरक दिसेना. मग वगळलेल्या प्राण्यांच्या बदल्यात मिळालं काय, हा प्रश्न उरला.

त्या वेळच्या टीकेत भुसा पुष्कळ होता, तोही नोंदवायला हवा. 'स्वोर्ड'मधलं एक झाड आणि 1998 च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मधलं एक झाड शेजारी लावून लोक हसले. एका झाडावरून गेम ठरत नाही, आणि त्या चित्राने मूळ मुद्दा उलट हलका केला. काहींनी तर बनवणाऱ्या माणसांना नावानिशी शिव्या घातल्या, धमकावलं. त्याचं समर्थन कुठेच होऊ शकत नाही. जो तरुण कलाकार सहाव्या मजल्यावर रात्री उशिरापर्यंत बसून एखाद्या मेंढीची लोकर नीट बसवतो, त्याचा तारखांवर काही अधिकार नसतो. नोव्हेंबर 2019 मध्ये गेम आल्यावर तो बनवणाऱ्या 'गेम फ्रीक' कंपनीचे आभार मानणारा हॅशटॅगही जोरात चालला, तो याच चिडीची दुसरी बाजू म्हणून.

जुनं ते सोनं हाही त्या टीकेतला एक सूर होता, आणि तो मला पटत नाही. 27 फेब्रुवारी 1996 ला जपानात आलेले पहिले 'रेड' आणि 'ग्रीन' चुकांनी भरलेले होते. टीव्हीमालिकेत सब्रिना या प्रतिस्पर्धी मुलीला हरवायला नायक ऍश भूत-पोकेमॉन शोधत निघतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण मूळ गेममध्ये भुताच्या हल्ल्याचा मानसिक शक्तीच्या पोकेमॉनवर काडीचाही परिणाम होत नव्हता, कारण आकड्यांच्या तक्त्यात चूक राहिली होती. 'फोकस एनर्जी' नावाची चाल जोरदार फटक्याची शक्यता वाढवण्याऐवजी कमी करायची. सिनाबार बेटाच्या किनाऱ्यावर ठरावीक तऱ्हेने पोहत राहिलं की 'मिसिंगनो' नावाचा, चौकोनांचा ढीग असावा तसा दिसणारा प्राणी निघायचा, आणि सहाव्या जागेवर ठेवलेली वस्तू शेकड्याने वाढायची. 2006 च्या 'डायमंड'मध्ये पाण्यावरून जाणं आणि लढाईत ताकदीची पट्टी खाली उतरणं इतकं संथ होतं की लोक वैतागायचे. 2008 च्या 'प्लॅटिनम'मध्ये ते सुधारलं. 2010 च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये कथा संपेपर्यंत फक्त 156 नवेच प्राणी भेटतात, म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. आइस्क्रीमचा प्राणी, कचऱ्याच्या पिशवीचा प्राणी यांची टर उडवली गेली. आज तेच गेम मालिकेतले उत्तम म्हणून मिरवतात.

पण 1996 च्या चुका आणि 2022 च्या चुका यांत एक फरक आहे आणि तो वयाचा नाही. पहिला गेम व्हायला सहा वर्षं लागली होती. कंपनी मधल्या काळात बुडायला आली होती, कामाला माणसं मूठभर होती, आणि जागा इतकी तोकडी की शेवटच्या दिवसांत चाचणीची साधनं काढून टाकल्यावर उरलेल्या सुमारे तीनशे बाइटांत प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी 151 वा प्राणी, म्यू, गुपचूप बसवला. ओढग्रस्तीत केलेलं काम होतं ते, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी जीव ओतून केलेली होती. 2022 मध्ये यातलं कुठलंच कारण उरलेलं नव्हतं.

ज्या 'गेम फ्रीक'ला चाहते आज बोल लावतात तिचा जन्म कसा झाला, हे मला या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 1983 मध्ये सातोशी ताजिरी नावाच्या, टोकियोजवळच्या माचिदा शहरातल्या किशोरवयीन मुलाने एक नियतकालिक काढलं. मजकूर हाताने लिहिलेला, पानं स्टेपल करून जोडलेली. विषय एकच: गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये चालणारे व्हिडिओ गेम. कुठल्या गेममध्ये जास्त गुण कसे मिळवायचे, कुठे काय दडलंय, कुठला गेम चांगला, कुठला नाही. अंकाचं नाव 'गेम फ्रीक'. एका दुकानात तो केन सुगिमोरी या चित्रकार मुलाच्या हाती लागला आणि तो येऊन मिळाला. पुढे पोकेमॉनची मूळ चित्रं त्याच सुगिमोरींनी काढली. अंक काढता काढता या मुलांचं मत बनलं की बाजारातले बहुतेक गेम सुमार आहेत, तेव्हा आपणच चांगले करावेत. 1989 मध्ये त्यांचा पहिला गेम 'क्विंटी' आला आणि अंकाची कंपनी झाली.

सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांनी साठच्या दशकात मराठी साहित्याला कसे खडे बोल सुनावले आणि त्यांतूनच पुढचे लेखक कसे उभे राहिले, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ताजिरींचा अंक त्याच जातीचा. दोष काढणाऱ्या पोरांनी काढलेली ही कंपनी आहे. म्हणून पवनचक्कीचं पातं मोजणारा नागपूरचा पोरगा मला ताजिरींच्या अंकाच्या मूळ वर्गणीदारांच्या रांगेतला वाटतो. त्याला गेम आवडत नाही म्हणून तो बोलत नाहीये. तळ्याकाठी गेम जड होतो हे कळायला तळ्यापर्यंत जावं लागतं, आणि तिथवर जायला वीसेक तास खेळावं लागतं.

मग घोडं पेंड खातं कुठे? माझ्या मते तारखेत. पोकेमॉनचा हक्क निन्टेंडो, क्रीचर्स आणि गेम फ्रीक या तीन कंपन्यांमध्ये वाटलेला आहे आणि सगळा कारभार 'द पोकेमॉन कंपनी' पाहते. नवा गेम आला की नवे प्राणी येतात. त्या प्राण्यांवर टीव्हीमालिकेचा नवा भाग बेतलेला असतो, पत्त्यांचे नवे संच छापायला गेलेले असतात, बाहुल्या शिवून गोदामात पडलेल्या असतात. गेम एक वर्ष पुढे ढकलायचा तर ही सगळी साखळी पुढे ढकलावी लागते. म्हणून गेमची तारीख दिवाळीसारखी पंचांगातच ठरलेली असते आणि काम त्या तारखेत बसवलं जातं. नोव्हेंबर 2021 मध्ये 'डायमंड'ची नवी आवृत्ती आली, ती इल्का या दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलेली. 28 जानेवारी 2022 ला 'लेजेंड्स: आर्सियस' आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'स्कार्लेट'. एका वर्षाच्या आत तीन मोठे गेम. त्यांतला 'आर्सियस' तर चाहत्यांना मनापासून आवडला होता. दिसायला ओबडधोबड, पण पंचवीस वर्षांची चाकोरी मोडणारा. त्याच कल्पनेला आणखी दोन वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं, या विचाराने मी आजही हळहळतो.

विक्रीचे आकडे मात्र टीकाकारांच्या बाजूचे नाहीत. 'स्वोर्ड-शील्ड' आणि 'स्कार्लेट-व्हायोलेट' या दोन्ही जोड्यांच्या प्रत्येकी अडीच कोटींहून अधिक प्रती गेल्या. एवढा खप असताना कंपनी का बदलेल, असं चाहते एकमेकांना विचारतात, आणि त्याच चाहत्यांनी पहिल्याच दिवशी गेम घेतलेला असतो. यात विसंगती आहे असं मला वाटत नाही. आवडत्या लेखकाची नवी कादंबरी आपण आधी विकत घेतो आणि मगच ती फसली म्हणतो. न वाचता म्हणणारे वेगळे.

नागपुरात स्विच असणारी घरं तरी थोडी. इथला खरा पोकेमॉन मोबाइलवरचा: 'पोकेमॉन गो'. जुलै 2016 मध्ये तो परदेशात आला आणि भारतात अधिकृत नसतानाही पोरांनी आडवाटेने फोनवर उतरवला. डिसेंबर 2016 मध्ये जिओच्या साथीने तो रीतसर आला. चालत राहायचं, देवळं-पुतळे-बागा यांपाशी थांबे असतात तिथून सामान घ्यायचं, वाटेत भेटेल तो प्राणी पकडायचा. 2023 मध्ये त्यात हिंदीही आली आणि शेकडो प्राण्यांना हिंदी नावं मिळाली.

या गेमवरची टीका नागपूरकराने नीट समजून घ्यावी, कारण ती त्याच्या पायांशी आणि त्याच्या उन्हाशी बांधलेली आहे. करोनाच्या काळात थांब्यातून सामान घेता येण्याचं अंतर 40 मीटरवरून 80 मीटर केलं गेलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये हा गेम चालवणाऱ्या नायँटिक कंपनीने अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा 40 केलं. जगभरच्या खेळाडूंनी एकजुटीने आवाज उठवला आणि महिना संपायच्या आत 80 मीटर कायम झाले. चाळीस मीटर कागदावर क्षुल्लक आहेत. मे महिन्याच्या दुपारी, पारा 45 वर असताना, वर्धा रोडच्या पलीकडच्या देवळाचा थांबा अलीकडच्या कडुनिंबाखालून मिळतो की रस्ता ओलांडावा लागतो, हा त्या चाळीस मीटरांचा अर्थ आहे. कपाळाला दुपट्टा बांधून, गाडी सावलीत लावून खेळणाऱ्याला तो कळतो. चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्याला तर फारच.

दुसरी लढाई खेळाडू हरले. मोठ्या प्राण्याला पाडायला एकाच वेळी अनेक खेळाडू लागतात. मुंबई-पुण्यात ते सहज जमतात. नागपुरात रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर जमतील, मंगळवारी दुपारी नाही. 2020 मध्ये आलेल्या रिमोट पासने घरबसल्या दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या लढाईत सामील होता यायचं. एप्रिल 2023 मध्ये कंपनीने एका पासची किंमत 100 नाण्यांवरून 195 केली आणि दिवसाला पाचाची मर्यादा घातली. लोकांनी घराबाहेर पडावं, असा कंपनीचा उद्देश. उद्देश उदात्त आहे, पण तो सौम्य हवेच्या, पदपथांच्या शहरात बसून ठरवलेला आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडा असं कुठलाच डॉक्टर सांगत नाही. पुन्हा निषेध झाला, या वेळी कंपनी हलली नाही. मे 2025 मध्ये नायँटिकचा बहुतेक गेमव्यवसायच स्कोपली या कंपनीकडे गेला.

प्रतिस्पर्धीही आले. जानेवारी 2024 मध्ये 'पॉकेटपेअर' या जपानी कंपनीचा 'पालवर्ल्ड' आला, तुफान चालला, आणि सप्टेंबरमध्ये निन्टेंडोने टोकियोत पेटंटचा दावा लावला. तो निकाल लागेल तसा लागो. चाहत्यांना त्यातून एवढं दिसलं की प्राणी पकडण्याच्या खेळाची भूक मोठी आहे आणि ती भागवणारे इतरही आहेत.

2024 मध्ये मुख्य मालिकेचा ना नवा गेम आला, ना आधीच्या गेमचा जोडभाग. बऱ्याच वर्षांनी असं झालं, आणि चाहत्यांनी चक्क आनंद मानला. आपल्या आवडत्या गोष्टीचं वर्ष रिकामं गेलं म्हणून खूश होणारे चाहते मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. त्यांना वेळ हवा होता, स्वतःसाठी नव्हे, बनवणाऱ्यांसाठी.

5 जून 2025 ला स्विच 2 बाजारात आला आणि त्याच सुमाराला 'स्कार्लेट-व्हायोलेट'साठी एक फुकट सुधारणा मिळाली. नव्या यंत्रावर तेच तळं, तोच माळ सेकंदाला साठ चित्रांनी सरसर धावू लागला. गेम किती देखणा होता, ते लोकांना अडीच वर्षांनी कळलं. पण ते बघायला नवं यंत्र घ्यावं लागतं, आणि आपल्याकडे ते आजही आडमार्गानेच येतं, त्यामुळे किंमत विकणाऱ्याच्या मर्जीवर. 2025 च्या दिवाळीच्या तोंडावर, 16 ऑक्टोबरला, 'लेजेंड्स: झेड-ए' आला. सगळी कथा लुमिओस या एकाच शहरात घडते. गेम अडखळत नाही, लढाईची पद्धत नवी आहे, ती चांगली जमलीय. मग बोटं भिंतींकडे वळली. इमारतींच्या खिडक्या आणि सज्जे सपाट भिंतीवर चिकटवलेल्या चित्रांसारखे दिसतात, आणि गच्च्यांवरून उड्या मारत फिरायच्या शहरात हे सतत डोळ्यांसमोर येतं. भर म्हणून, गेम यायच्या आधीच त्याचा वेगळ्या पैशांचा पुढचा भाग जाहीर झाला होता.

फेब्रुवारी 2026 म्हणजे या मालिकेची तीस वर्षं. 1025 प्राणी झालेत. कंपनीकडे पैसा आहे, कसबी माणसं आहेत, आणि पहिल्या गेमला लागली तशी सहा वर्षं कुणी मागितली तर द्यायला खळखळ करणार नाहीत असे चाहते आहेत. पत्त्यांचे संच थांबतील, टीव्हीवर जुने भाग पुन्हा लावता येतील. हिंदी आवाजातले ते पहिले भाग लागले तर नागपुरातली निम्मी तिशी आपापल्या पोरांना मांडीवर घेऊन बघत बसेल. तेवढ्यात त्या सज्ज्यांना खोली देता येईल.